घळीवरची उडी

फार मागं, डोंगरात कुऱ्हाड पोचली नव्हती तेव्हा, एका घळीच्या काठी वानरांची टोळी राहायची. अलीकडचा पाला संपला होता, पलीकडे उंबर लगडले होते. दिवस मावळायच्या आत टोळी पलीकडे जाणार होती. आयांच्या पोटाला तान्ही बिलगलेली, म्हणून थोरल्या पोरांनी आपापली उडी मारायची. मागं राहील तो बिबट्याचा.

या पोरांना रोज उडी शिकवायला भुंडी नावाची म्हातारी वानरी कुणी न सांगता पुढं झाली होती.

"स्वतःला पोर नाही, नि निघाली शिकवायला!" आया म्हणायच्या.

"तुम्हाला आहेत ना? मग शिकवा की!" भुंडी खेकसायची.

त्या दिवशी सगळी पलीकडे गेली. पोरांतली एकटी पिंगी फांदीला चिकटून राहिली. ऊन उतरत चाललं तसा भुंडीचा जीव वरखाली व्हायला लागला.

"अगं, अशी मार!" ती उडी मारून गेली, परत आली, पुन्हा गेली. पिंगी आणखीच आक्रसली.

शेवटी पलीकडची फांदी धरताना दमलेल्या भुंडीचा हात सुटला. कोसळताना तिनं तिथल्या कड्यावरची वेल धरली नि शिव्या घालत वर चढली. टोळी खिदळली. भुंडीला मान वर करवेना.

"आजी, ती वेल कुठली गं?" पिंगीनं अलीकडून विचारलं.

"पडलेलं काय बघतेस, मेले?"

"उडी रोजच दाखवलीस. चुकल्यावर काय धरायचं, ते आजच दिसलं."

पिंगीनं वेल नीट पाहून घेतली आणि उडी मारून पलीकडे पोचली.

पुढं भुंडी नव्या पोरांना आधी त्या वेलीपाशी न्यायची.