दगडावरचं वाक्य

“सर, या दोन वाक्यांतलं कुठलं बरोबर?”

प्राध्यापक रत्नाकर भांबळांनी कागद पुढं केला. शाळेत त्यांना इंग्रजी शिकवलेल्या उजागरे सरांनी तो घेतला नाही. आताशा त्यांना वाचवत नव्हतं.

“वाचून दाखव.”

“ही केम, ही लाफ्ड, अँड वॉज टेकन फ्रॉम अस.”

“निनादच्या दगडावर?”

“हो. पाथरवट कबरस्तानात येऊन बसलाय.”

निनाद हा भांबळ आणि त्यांची बायको एस्तेर यांचा एकुलता एक मुलगा. सहलीला म्हणून गेला आणि नदीत बुडाला.

“लंगडतंय,” सर म्हणाले.

“तेच म्हणतो मी. आला, हसला, ही त्यानं केलेली कामं. शेवटचं ‘नेला गेला’, ते त्याच्यावर कोसळलेलं. एका ओळीत बसेल कसं? म्हणून मी ‘ही लेफ्ट’ केलं. आला, हसला, गेला. सगळी एका मापाची. वाक्य चोख झालं.”

“मग अडलं कुठं?”

“एस्तेर ऐकत नाही. म्हणते, गेला कसा? कुणाला विचारून गेला? नेलाय त्याला. तुमचं व्याकरण घाला चुलीत... तेव्हापासून बोलत नाही.”

“खरं तेच म्हणतेय ती.”

“पण सर, सारखं सारख्याशी जोडावं, हे मला तुम्हीच शिकवलंत. त्यावर मी पुस्तक लिहिलं. कॉलेजात लागलंय ते. उद्या माझा एखादा विद्यार्थी तिथं उभा राहिला, चुकलेलं वाक्य वाचलं आणि...”

“हसला?”

भांबळांनी कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली.

मग त्यांनी विचारलं, “सलोमीच्या वेळी तुम्ही काय लिहिलंत?”

सलोमी ही सरांची मुलगी. ती तापानं गेली तेव्हा भांबळ नुकतेच नोकरीला लागले होते.

“नाव.”

“आणि खाली?”

“जागा सोडलीय.”

“इतकी वर्षं?”

सरांनी काठीनं पडवीची मोकळी फरशी दाखवली.

“चालून बघ.”

भांबळांना कळलं. शाळेत सर हेच करायला लावत. एकेका क्रियापदाला एकेक पाऊल, सगळी सारखी. जिथं पोरगं अडखळेल, तिथं वाक्य चुकलेलं.

“सर, या वयात...”

“चाल रे भांबळ्या. इथं कोण बघतंय तुला?”

ते उठले. चपला काढून ठेवल्या.

“ही केम.” पाऊल पडलं.

“ही लाफ्ड.” तेही पडलं.

“ही लेफ्ट...”

पाय उचलला गेला. पुढं गेला नाही. होता तिथंच परत टेकला.

“एस्तेरचं म्हणून बघ.”

“वॉज टेकन...”

या खेपेला पाय उचललाच नाही.

कागद हातातून गळून खाली पडला. भांबळांनी तो उचलला नाही. चोख वाक्य आणि लंगडं वाक्य, दोन्ही तिथंच पडून राहिली.

मागं खुर्ची करकरली. काठी टेकत सर आले आणि त्यांच्या शेजारी, पायाला पाय लावून उभे राहिले.

“सर,” भांबळ म्हणाले, “तिसरं पाऊल पडत नाही हो... कधी पडतं ते?”

सरांनी काठीनं पुढची मोकळी फरशी चाचपली.

“मला काय विचारतोस... मी अजून दुसऱ्यावरच उभा आहे.”