कोणाचा सर्व्हर घ्यावा

"...पण कधीच बंद पडणार नाही असा कोणाचा, तेवढंच सांगा अप्पाजी."

बसवंत आवटीनं दोन फायली मठाच्या ओसरीवर ठेवल्या. एक जाडजूड, चकचकीत. दुसरी साधी, चार पानांची.

शिवलिंगय्या स्वामी, म्हणजे अप्पाजी, संन्यास घेण्याआधी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. त्या काळात संध्याकाळी ते गल्लीतल्या पोरांना शिवशरणांची वचनं शिकवत. बसवंत त्यातलाच एक. आता त्याची मिरजेत स्वतःची रक्तपेढी होती. बंगळुरात शिकून आलेला. संगणकातलं आपल्याइतकं इथं कोणाला कळत नाही, असं तो मानत असे आणि बोलूनही दाखवत असे.

दोन महिन्यांपूर्वी, भर दुपारी, त्याचा सर्व्हर पाऊण तास बंद पडला.

पेढीतल्या पिशवी न् पिशवीचा हिशेब त्या एका यंत्रात. कोणाचं रक्त, कोणता गट, तपासणीचा निकाल काय. निकाल पाहिल्याशिवाय पिशवी बाहेर द्यायची नाही, हा नियम. आणि नेमकं त्याच वेळी शेजारच्या दवाखान्यात एक बाळंतीण पांढरीफटक पडत चालली होती.

फ्रीजमध्ये पिशव्या होत्या. पडदा काळा होता.

लॅबमधल्या सुलभाताईंनी दोन पिशव्या पुन्हा पहिल्यापासून तपासल्या. बाई वाचली. पण तोवर तिचा नवरा काउंटरसमोर उभा होता. ओरडला नाही, रडला नाही. नुसता बसवंतकडं बघत राहिला.

तेव्हापासून फोन वाजला की बसवंतचा घास हातातच राहायचा. सर्व्हरचा पंखा फिरतोय ना, हे ऐकायला तो दिवसातून दहा वेळा त्या खोलीच्या दाराला कान लावायचा.

"ही मोठी कंपनी," त्यानं जाड फाइल पुढं सरकवली. "जगभर नाव आहे. पण बिघडलं तर माणूस मुंबईहून येणार."

"आणि ही?"

"कोल्हापूरचे एक गृहस्थ स्वतः जुळवून देतात. तासाभरात दारात हजर. पण एकटेच आहेत. उद्या आजारी पडले तर...?"

"बंद पडतो का, म्हणून विचारलंस दोघांना?"

"विचारलं. दोघंही म्हणतात, नाही पडत."

"मग दोघं सारखेच की."

बसवंतला हे रुचलं नाही. चाळीस मुद्द्यांचा तक्ता केला होता त्यानं. रात्ररात्र जागून. तो उघडून दाखवावा म्हणून त्यानं खांद्यावरच्या पिशवीत हात घातला.

अप्पाजी उठलेच. "चल. आत्ताचा कुठं ठेवलायस, बघू."

...

पेढीतली सर्व्हरची खोली लहान होती, थंडगार. यंत्राचे हिरवे दिवे लुकलुकत होते. अप्पाजींनी वाकून सगळं निरखलं. तारा कुठून कुठं गेल्यात ते बघितलं. मग सरळ उभे राहिले आणि विजेच्या मुख्य बटणावर बोट ठेवलं.

"दाबू?"

बसवंतनं झडप घालून त्यांचं मनगट धरलं. अप्पाजींना अडवायची जन्मातली ही पहिलीच वेळ.

"अप्पाजी! तीन दवाखान्यांत ऑपरेशनं चाललीत!"

"बरं."

"सगळं बंद पडेल!"

"पडलं तर तू उभं करशील. तुला कळतं ना सगळं."

"तसं नाही... म्हणजे... बॅकअप आहे. रोज सगळ्या नोंदींची नक्कल आपोआप दुसऱ्या डिस्कवर जाते."

"ती नक्कल परत चढवून बघितलीस कधी?"

बसवंत हिरव्या दिव्यांकडं बघू लागला.

"कधी रे?"

अप्पाजींचं मनगट अजून बसवंतच्या हातात होतं.

अप्पाजींनी ते हळूच सोडवून घेतलं. "आधी बघ. मग ये."

...

चार दिवस त्यानं धीर गोळा केला. रविवारी सकाळी तिन्ही दवाखान्यांना कळवलं. सुलभाताईंनी एकेक पिशवी हातात घेऊन, गट आणि निकाल, सगळं वहीत उतरवलं. बसवंतनं मुख्य यंत्राला हात लावला नाही. एका जुन्या संगणकावर ती नक्कल चढवून बघितली.

शेवटची नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची होती.

त्यानं पुन्हा चढवली. पुन्हा एकोणीस.

डिस्क भरली होती. पुढं काहीच उतरत नव्हतं. तरी पडद्यावर रोज हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' येत होतं आणि तो रोज ते वाचून घरी जात होता.

बसवंत फरशीवर बसला. एकोणीस दिवसांचं सगळं रक्त त्या एका घरघरणाऱ्या यंत्रात होतं. आज सकाळी वही भरेपर्यंत दुसरीकडं कुठंच नव्हतं. अप्पाजींचं बोट त्याला दिसलं... बटणावर टेकलेलं.

"साहेब, पाणी देऊ का?" सुलभाताईंनी विचारलं.

तो उठून नवी डिस्क आणायला निघाला.

संध्याकाळपर्यंत त्यानं नवी डिस्क लावली, सगळ्या नोंदी उतरवल्या, जुन्या संगणकावर चढवून एकेक पडताळली. पुढच्या रविवारी डोळे मिटून मुख्य बटण स्वतःच दाबलं.

पंखा थांबला. इतकी शांतता त्या खोलीत त्यानं कधी ऐकली नव्हती.

नकलेवरून सगळं परत उभं राहायला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्यात फोन आला. अपघाताची केस होती. सुलभाताईंनी सकाळीच ताज्या केलेल्या वहीत बघून सहा मिनिटांत पिशवी दिली. त्याच्या पुढच्या रविवारी यंत्र तीस मिनिटांत उभं राहिलं. मग बारा.

पाचव्या आठवड्यात बसवंत मठात आला तो शीळ घालतच. अप्पाजी ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यानं पाया पडून दोन्ही फायली पुढ्यात टाकल्या.

"झालं अप्पाजी. आता कोणाचाही घेतला तरी चालेल. तुम्ही बोट ठेवाल त्याचा घेतो."

"झोप लागते?"

"ढाराढूर. खरं सांगू? भीती अशी उरलीच नाही. काही का बंद पडेना."

अप्पाजींचा हात शेंगेवर थांबला.

त्यांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. बसवंतचं हसू हळूहळू मावळलं. अप्पाजींचा चेहरा त्यानं असा कधी पाहिला नव्हता. त्या चेहऱ्यावर धास्ती होती.

त्यांनी दोन्ही फायली उचलल्या आणि त्याच्या हातात परत दिल्या.

"मग इतक्यात घेऊ नकोस. भीती वाटायला लागली की ये."