फितीमागची यंत्रं

साथीच्या दिवसांत तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनची आठ यंत्रं आली. जिल्ह्याच्या चौबळसाहेबांनी कोठीच्या दाराला लाल फीत बांधली आणि म्हाताऱ्या लिंबाजी शिपायाला बजावलं, "शुक्रवारी मंत्री येऊन फीत कापतील. तोवर फितीला हात लावलास तर घरी बसवीन."

तो सोमवार होता आणि वॉर्डात आठ जणांना धाप लागली होती. लिंबाजीला अक्षर कळत नव्हतं, पण हुकूम तो शब्दाला शब्द पाळायचा.

शुक्रवारी साहेब आले. फीत जागेवर होती, कोठी मात्र रिकामी!

"लिंबाजी, यंत्रं कुठायत?"

"वॉर्डात, साहेब. डॉक्टरबाईंना मागच्या खिडकीतून काढून दिली. मी पडलो अडाणी. तुम्ही फितीचं बोललात, खिडकीचं माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. आमची मंडळी म्हणते तेच खरं, मला सगळं फोडून सांगावं लागतं."

साहेब कपाळ धरून बसले. "अरे, आता मंत्र्यांना दाखवू काय?"

"ती आठ माणसं दाखवा की. उठून बसलीत. यंत्रांनी काही टाळ्या वाजवल्या नसत्या, साहेब. ही वाजवतील."

साहेबांनी मास्क सारखा केला आणि हळूच विचारलं, "वॉर्ड कुठल्या बाजूला आहे रे?"