भाड्याची दवंडी

तुमच्या पणजोबांच्याही आठवणीत नसेल इतक्या जुन्या काळी, एका दांडग्या नदीच्या काठी एक गाव होतं. गावाला पूल नव्हता, होती एकच नाव. नदीच्या मधोमध पाण्याखाली खडक दडलेला, म्हणून नाव कुणाच्या हाती द्यायची हे सगळं गाव मिळून ठरवायचं. दर अक्षय्य तृतीयेला घरटी एक खडा, ज्याला पसंती त्याच्या रांजणात.

गावाची आणखी एक रीत होती. सभेत ठरेल तेवढंच दवंडीवाल्यानं ओरडायचं, एक शब्द जास्त नाही. त्यामुळे दवंडी म्हणजे खरं, हे लोकांच्या अंगात मुरलं होतं. शंका घ्यायची सवयच नव्हती हो त्यांना.

त्या वर्षी जुन्याजाणत्या भिवा नावाड्यासमोर रंभाजी उभा राहिला. रंभाजी बोलण्यात पटाईत, वल्हवण्यात यथातथाच. तो गुपचूप सटवाजी दवंडीवाल्याकडे गेला, जोंधळ्याचं पोतं टेकवलं आणि काय ओरडायचं ते सांगितलं. सटवाजी जरा चुळबुळला. मग त्यानं मनाची समजूत घातली, की शब्द रंभाजीचे, आपला नुसता घसा. माणूस स्वतःला किती सहज गुंडाळतो बघा!

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ हलगी वाजू लागली.

"ऐका हो ऐका! भिवाच्या डोळ्यांत फूल पडलंय. त्याला खडक दिसत नाही हो!"

भिवा पारावर आला आणि म्हणाला, माझ्या डोळ्यांत एकदा बघा तरी. पण बघतंय कोण? दवंडी झाली म्हणजे झालं. त्याला साधी ठेच लागली तरी बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. रोज त्याच्या नावेत बसणाऱ्यांनाही त्याचे डोळे गढूळ दिसायला लागले. अक्षय्य तृतीयेला रंभाजीचा रांजण काठोकाठ भरला.

श्रावणात नदी फुगली. सटवाजीची लेक तानी बाळंतपणाला माहेरी आली होती. तान्ह्या बाळाला घेऊन ती सासरी निघाली. सटवाजी खांद्याला हलगी अडकवून तिला पोचवायला घाटावर आला आणि पाणी बघून थबकला. खडक कुठे आहे, काही कळत नव्हतं. नावेवर रंभाजी उभा होता.

आज नको जाऊस, पाणी उतरू दे, असं सटवाजीनं लेकीला विनवलं. ती ऐकेना. शेवटी तिच्या कानाशी लागून तो म्हणाला, की या रंभाजीचा भरवसा नाही.

तानी हसली. "आबा, भिवाला दिसत नाही, हे तुम्हीच तर गावभर सांगितलंत. दवंडी कधी खोटी असते का?"

आणि ती नावेत चढली.

सटवाजी पेचात पडला. खरं बोलावं तर जन्माची अब्रू जाणार. गप्प राहावं तर लेक आणि नातू त्या पाण्यात. एवढ्यात दोर सुटला, नाव काठापासून सरकली. सटवाजीनं हलगीवर टिपरी हाणली.

"ऐका हो ऐका! मी खोटं बोललो. भिवाचे डोळे चांगले आहेत. जोंधळ्यासाठी बोललो मी. उतरा, पोरांनो, उतरा!"

नावेतले लोक गोंधळले. तेव्हाची दवंडी खरी, की आत्ताची? म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं रंभाजीनं ठणकावलं आणि लोक बसून राहिले. एकट्या तानीनं बापाचा रडवेला आवाज ओळखला. बाळाला डोक्यावर धरून ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि धडपडत काठाला लागली.

नाव पुढे गेली आणि खडकावर आपटून फुटली. घाटावर धावत आलेल्या भिवानं पाण्यात उडी घेतली, हाती लागतील तेवढी माणसं ओढून काढली. सगळी हाती लागली नाहीत.

गावानं नवी नाव बांधली आणि ती भिवाला दिली. पण दवंडीवरचा विश्वास काही कुणाला नव्यानं बांधता आला नाही. भाद्रपदात नदीच्या वरच्या अंगाचा बांध फुटला. सटवाजी जिवाच्या आकांतानं तशी दवंडी देत गल्लोगल्ली पळाला, तर लोक दारात उभे राहून एकमेकांना विचारत होते, हे तरी खरं असेल का? पाणी घरात शिरलं, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं.

तात्पर्य : जिथे खरं सांगणारा आवाज भाड्यानं मिळतो, तिथे खडा टाकणारा हात आपला असला तरी निवड आपली राहत नाही.