जुना काढला की मशीन नवा करतं

एका गावात एक भोळा मेहुणा होता. नाव गेनबा. मनाने लोण्यासारखा मऊ, पण सांगितल्या शब्दापासून तसूभर हलायचा नाही. त्याचे दाजी उत्तमराव यांचा फोटो स्टुडिओ होता. शेवंताआक्काने नवऱ्याच्या मागे लकडा लावला, "माझ्या भावाला बसवा की तिथं. सांगितलेलं सगळं ऐकतो तो." ऐकत होता, तेच तर दुखणं होतं.

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर तालुक्याच्या बापूने लिनक्स नावाची सिस्टीम टाकून दिली होती. लोकांच्या लेकीसुनांचे फोटो, कुणी पळवू नयेत म्हणून दारामागे दार. मशीन सुरू केलं की पहिला पासवर्ड डिस्कच्या कुलपाचा. मग दुसरा, आपल्या नावाने आत जायचा. आत बाकीचे बारीकसारीक पासवर्ड एका जुडग्यात ओवलेले, आणि त्या जुडग्यालाही पासवर्ड. उत्तमरावांनी डोक्याला ताप नको म्हणून सगळीकडे एकच ठेवला होता.

त्या आठवड्यात मशीनमध्ये हणमंताच्या लग्नाचे फोटो होते. हणमंता फौजेत. गुरुवारी संध्याकाळच्या एसटीने परत ड्युटीवर जाणार. त्याच्या नव्या नवरीचं, मथुराचं, एकच मागणं होतं. जाताना त्याच्या खिशात लग्नाचा फोटो हवा. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेल्या फोटोंत नुसती पाहुण्यांचीच डोकी आली होती.

सोमवारी दाजी बाहेरगावी साखरपुड्याचे फोटो काढायला निघाले. जाताना बजावलं, "गेनबा, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. देव आला तरी नाही."

"नाही सांगणार, दाजी."

गेनबाने मशीन लावलं. मशीनने पासवर्ड विचारला. गेनबा हाताची घडी घालून बसला. संध्याकाळी दाजी आले तर पडद्यावर तेच.

"दिवसभर विचारत होतं," गेनबा म्हणाला. "पण मी दाद दिली नाही."

दाजींनी कपाळाला हात लावला. "अरे, मशीनला सांगायचा ना!"

मंगळवारी बाजाराचा दिवस. गेनबाने मशीन लावलं, मशीनने विचारलं, आणि गेनबाने सांगितला. पहिल्यांदा मशीनला ऐकू गेला नाही, म्हणून दारात उभं राहून घसा फोडून सांगितला. पासवर्ड होता 'शेवंता शहाणी'. भाजीवाल्या बायका दिवसभर हसत होत्या. आक्का मात्र खूश झाली.

"तोंडाने नाही, बोटांनी," दाजी म्हणाले.

बुधवारी गेनबाने बोटांनी लिहिला. पडद्यावर काही उमटेना. ना अक्षर, ना ठिपका. त्याने दाजींना फोन लावला.

"ते तसंच असतं," दाजी म्हणाले. "दिसत नसलं तरी आत जातं. दिसत नाही म्हणून थांबायचं नाही."

खरंच, मशीन उघडलं. गेनबाला ते फार आवडलं. तेवढ्यात कदम गुरुजी सहकुटुंब फोटो काढायला आले. कॅमेऱ्यातून बघतो तर मिट्ट काळोख. भिंगावरचं झाकण तसंच होतं. पण दिसत नाही म्हणून थांबायचं नाही. गेनबाने गुरुजींना हसवून हसवून फोटो काढले. सगळे कोळशासारखे काळे.

त्या रात्री दाजी जेवले, हात धुवून उठले आणि आत जायचा पासवर्ड बदलून आले. अख्ख्या बाजाराने जुना ऐकला होता. सकाळी पुन्हा बाहेरगावच्या फोटोंची सुपारी होती, म्हणून नवा गेनबाच्या कानात सांगितला आणि म्हणाले, "डिस्कच्या कुलपाचा उद्या तू बदल. असा ठेव की कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये."

गुरुवारी गेनबा आत गेला तर जुडगा अडून बसला. नवा पासवर्ड त्याला चालेना. गेनबाने बापूला फोन केला.

"जुडग्याला बदललेलं कळत नाही," बापू म्हणाला. "त्याला जुना पासवर्ड दे."

"जुना बाजाराने ऐकलाय. तो देता येत नाही."

"मग जुना जुडगा काढून टाक. मशीन आपोआप नवा करतं."

बापूने सांगितली ती फाइल गेनबाने काढून टाकली. मशीनने खरंच नवा जुडगा केला. एवढं गुणी मशीन गेनबाने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी हणमंता ट्रंक घेऊन आला. मागे मथुरा. दाजींनी मशीन लावलं.

"कुलपाचा पासवर्ड काय ठेवलास?"

"मला माहीत नाही."

"तूच ठेवलास ना?"

"कुणाला म्हणजे कुणाला कळू नये म्हणालात. मी पण कुणीतरी आहेच की. डोळे मिटून एक बटण धरलं आणि दाबत राहिलो."

"किती वेळा?"

"मोजलं असतं तर मला कळलं असतं, दाजी. नवा ठेवताना मशीन दोनदा तोच मागतं. दुपारपर्यंत जुळेना, मग एकदाचं जुळलं."

दाजी खाली बसले. हणमंताने घड्याळ पाहिलं. मथुराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पोरगी हुशार. तिने कीबोर्ड उजेडात धरला. एक बटण घासून लख्ख झालं होतं. ती बसली आणि एकेक वाढवत दाबत गेली. तिकडे एसटी फाट्यावर आली. कंडक्टरने घंटी मारली. आणि इकडे कुलूप उघडलं.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दाजींनी घाईघाईने लग्नाचं फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं. कचऱ्याचा डबा पाहिला. तोही झाडून रिकामा.

"गेनबा," दाजी हळूच म्हणाले, "फोटो कुठं आहेत?"

"त्यात हणमंताचं बाशिंग वाकडं आलं होतं," गेनबा म्हणाला. "म्हटलं, जुने काढून टाकावेत. मशीन आपोआप नवे करतं. दुपारपासून वाट बघतोय." मग त्याने मथुराला आणि हणमंताला हाताला धरून पडद्यासमोर उभं केलं. "वहिनी, जरा असं जवळ उभं राहा दोघं. मशीनला चेहरे आठवत नसतील."