राखणदाराला आंघोळ नाही

आसोळ्याच्या देवराईत शिरण्याआधी झिलू घाडी पाहुण्यांच्या पिशव्या बघून घेतात. तेल, शेंदूर, हळद-कुंकू, इतकंच काय, पाण्याची बाटलीसुद्धा वाटेवरच्या किंजळाच्या झाडाखाली ठेवायची. सत्तरी ओलांडलेला हा माणूस राईचा पुजारी, पण त्यांना पूजा करताना कुणी पाहिलेलं नाही. "आमच्या राखणदाराक आंघोळ चलना नाय," एवढं सांगून ते पुढे चालू लागतात.

राईच्या वरच्या अंगाला उघडा कातळ आहे आणि कातळावर कमरेएवढी शिळा. खालचं आसोळे आणि वरचं धारखंड या दोन गावांची ही शीव, आणि ही शिळाच शिवेचा राखणदार. शिळेचा मूळ रंग कोणता ते आज सांगता येत नाही, कारण ती वरपासून खालपर्यंत दगडफुलाने झाकलेली आहे. आपण काळ्या मसाल्यात घालतो तेच हे. राखी-हिरवं, मुडपलेल्या कडांचं. दुसरीकडे कुठे दिसलं तर आसोळ्याच्या बायका टोपली भरल्याशिवाय हलायच्या नाहीत, पण इथे बोट लावणार नाहीत. हे सगळं आवडूपासून चालत आलं, असं सांगतात.

आवडू घाडीण या मुलखात देसाईंचा अंमल होता तेव्हाची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पावसाळा सरला की ती रानात दगडफूल गोळा करी आणि घाटावर पाठवी. कोणत्या दगडाच्या कोणत्या अंगाला ते किती वाढलंय, हे तिला तोंडपाठ होतं. राईतल्या झऱ्याचं पाणी आधी तिच्या दारात येई आणि मग गावात जाई. राई गेली तर झरा जाणार आणि झरा गेला तर आसोळे उठणार, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

धारखंडला मात्र राई जाळून त्या राखेत नाचणी पेरायची होती. एका पावसाळ्यात, आठ-आठ दिवस कुणी घराबाहेर पडत नाही अशा झडीत, त्यांनी शिळा उपटली आणि राई ओलांडून झऱ्याच्या खाली आणून रोवली, म्हणे. वर पुन्हा चोराच्या उलट्या बोंबा! आसोळेकर आमच्या हद्दीत घुसतात, अशी फिर्याद त्यांनीच देसाईंकडे नेली. पाऊस उघडल्यावर येतो आणि जागेवरच निवाडा करतो, असा देसाईंनी निरोप धाडला.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं, पण आवडू निर्धास्त होती. दगडफुलाला सावली मानवते. शिळेच्या उत्तरेकडच्या पाठीवर त्याचा दाट थर होता, उन्हाकडचं पोट जवळजवळ कोरं. घाईत चोरांनी शिळा उलट्या तोंडाने रोवली होती, त्यामुळे तो सावलीतला थर आता भर उन्हात आला होता. याहून मोठा साक्षीदार कोणता? देसाई आले की दाखवीन, असं मनाशी म्हणून ती गप्प राहिली. ही तिची चूक झाली.

कारण गावानेही आपल्या परीने तयारी केली होती. देसाई येणार आणि आपला राखणदार असा खरजुल्यासारखा? निवाड्याच्या सकाळी दहा गडी काथ्या, राख आणि नदीची वाळू घेऊन बसले. शिळा घासून घासून काळी कुळकुळीत केली, तेल चोपडलं, वर शेंदूर. आवडू पोचली तेव्हा ते हार घालत होते.

"मेल्यांनो, काय केलात ह्या!" ती कपाळावर हात मारून खाली बसली. "साक्षीदाराचीच जीभ कापलात!"

तिने सगळं सांगितलं तेव्हा दहाही जणांनी माना खाली घातल्या. एकाला रडू फुटलं. देसाईंची पालखी तोवर नदी उतरली होती.  आवडूला गावाचा राग येत होता आणि त्याहून स्वतःचा. तिची नजर शिळेच्या बुडाशी गेली. दगडफूल अंगावर चढतं, बुडाखाली कधी जात नाही. मग ही शिळा जिथे पिढ्यान् पिढ्या बसली होती, तिथला कातळही कोराच असणार! ती उठली.

देसाई धारखंडकरांचं ऐकून घेत होते. आवडू सरळ त्यांच्या पुढ्यात गेली. "सरकार, ह्यो धोंडो हयलो नाय. वर कातळार चला, तेची जागा दाखवतंय."

"बाई, जागा खोटी ठरली तर?"

"तर राई तेंची. आणि मी ह्या मुलखात पाणी पिवचंय नाय."

कातळावर पाचोळा आणि माती पसरली होती, ती तिने हाताने बाजूला लोटली. खाली सगळीकडे दगडफूल आणि मधोमध परातीएवढी उघडी खाच. धारखंडचा गावकर हसला. "अशे डाग रानात पायलीक पन्नास!"

देसाईंनी शिळा वर आणायला लावली. आठ गड्यांनी ती बांबूंना बांधून उचलली, तेव्हा आवडूने तिच्यावर हात ठेवला, असं सांगतात. "बाबा, आमी तुझी सालटी काढली. आज खरा बोल, पुन्ना आसोळ्यातला कोण तुका हात लावचो नाय."

शिळा खाचेवर टेकवली. ती डुगडुगली. पुन्हा टेकवली, पुन्हा डुगडुगली. धारखंडकर हसायला लागले. देसाईंनी आवडूकडे पाहिलं. ती शिळेभोवती एकदा फिरली आणि तिला आठवलं: उलट्या तोंडाने रोवली होती ना!

"फिरवा," ती म्हणाली. "पाठ उत्तरेक करा."

गड्यांनी शिळा अर्धी फिरवून सोडली. ती डब्यावर झाकण बसावं तशी बसली. चारी बाजूंनी दगडफुलाची कड तिला येऊन भिडली, कुठे बोटभर फट नाही. 

धारखंडला काय शिक्षा देऊ, असं देसाईंनी आवडूलाच विचारलं. ती म्हणाली, "वर्साक एकदा येवंदेत आणि बघूंदेत, तो जाग्यार आसा काय."

पुढे ती रोज वर जायची. घासलेल्या शिळेवर काही उगवेना. सातव्या वर्षी नाचणीच्या दाण्याएवढा एक ठिपका दिसला, तेव्हा ती तिथेच बसून पोटभर रडली. पुढे तो ठिपका रुपयाएवढाही झालेला तिने पाहिला नाही.

आजही दसऱ्यानंतरच्या सोमवारी धारखंडची माणसं खाली येतात, आसोळ्याची वर जातात आणि दोन्ही गावं मिळून शिळेभोवती फिरतात. शिळेवरचं दगडफूल कधीच खाली उतरलंय, कातळावरचं वर चढलंय आणि दोन्ही एकमेकांत मिसळून गेलंय. झिलू घाडी पाहुण्यांना हात मागे बांधायला सांगतात आणि म्हणतात, "शोधा बघू, धोंडो खंय संपता आणि कातळ खंय सुरू होता." पाहुणे वाकून वाकून बघतात. अजून कुणाला सांधा सापडलेला नाही.