मुक्या नटींची नांदी

एका राज्यात राजाला नाटकाचे भारी वेड होते, आणि त्याच्या नाट्यशाळेचा अधिपती विक्राळदत्त जादूगार होता. जी नटी त्याच्या महाली एकटी यायला नकार देई, तिचा आवाज तो मंत्राने काढून घेई आणि कमरेला लटकवलेल्या सोन्याच्या पेटीत कोंडून ठेवी. हे सगळ्यांना ठाऊक होते. बोलत कोणीच नव्हते.

कुमुदिनीची थोरली बहीण अंबुजा अशीच मुकी होऊन घरी परतली. ताईचा आवाज आणायचाच, म्हणून कुमुदिनी निघाली. वाटेत तिला एक साळुंकी भेटली.

"मुली, ताईचा आवाज हवा तर तीन कामे करशील?"

"लवकर सांग."

"नाट्यशाळेत भूमिका मिळव. मुक्या नटींना रंगमंचावर आण. आणि नांदी चालू असताना विक्राळदत्ताला नकार दे. नांदीत म्हटलेला मंत्र म्हणणाऱ्यावरच उलटतो. नांदीला हात जोडणे त्याने केव्हाच सोडले, म्हणून हा नियम तो विसरलाय. पण नांदी थांबता कामा नये!"

भूमिका लगेच मिळाली. नव्या मुली विक्राळदत्ताला हव्याच असत. मग कुमुदिनी दारोदार फिरली. मुक्या नटी घाबरल्या. अंबुजेने मुकाट्याने घुंगरू बांधले, तेव्हा बाकीच्याही उठल्या.

"मुक्यांची फौज आणलीस?" विक्राळदत्त हसला. "राहू देत शोभेला."

राजा आला. नांदी सुरू झाली. विक्राळदत्त सवयीने कुमुदिनीच्या कानाशी आला.

"खेळ संपला की महाली ये. एकटी."

"येणार नाही!" ती ओरडली. सारी सभा दचकली.

विक्राळदत्ताने डोळे वटारले. गाणारे गप्प झाले. त्याच क्षणी अंबुजेने पाय आपटला. मग सगळ्या मुक्या नटींनी घुंगरांवर नांदीचा ताल धरला, आणि संतापाने आंधळ्या झालेल्या विक्राळदत्ताने मंत्र म्हटला.

मंत्र उलटला. पेटी उघडली. पाखरांसारखे आवाज उडाले आणि जिच्या तिच्या गळ्यात जाऊन बसले. विक्राळदत्ताचा आवाज पेटीत गेला, झाकण बंद झाले.

राजा उभा राहिला. "मला कोणी सांगितले कसे नाही?"

"सांगायला आवाज लागतो, महाराज," अंबुजा म्हणाली. "आणि ज्यांच्यापाशी होता, त्यांना तुम्ही कधी विचारलेत?"

राजाने मान खाली घातली. विक्राळदत्ताला त्याने राज्याबाहेर घालवले आणि नाट्यशाळा नटींच्या हाती सोपवली.

कुमुदिनी रडत ताईला बिलगली.

"पुरे गं," अंबुजा म्हणाली. "केवढ्याने ओरडलीस! नांदी पार मोडलीस. आता पहिल्यापासून म्हणावी लागणार."

आणि त्या सगळ्यांनी ती पहिल्यापासून म्हटली.